नदीतला उत्तररंग

"बुवा, थांबा! पेटीवाल्या बाई, तुमीबी थांबा जरा!"

माझी बोटं पट्ट्यांवर जागच्या जागी राहिली. भात्यात उरलेली हवा एक लांबट सूर काढून संपली. आमच्या ह्यांचा तबला एक ठोका जास्त वाजला आणि गप्प झाला. देवळातली सगळी डोकी एकदम दाराकडे वळली.

दारात एक उंच, हाडकुळा माणूस उभा होता. अनवाणी, डोईला काही नाही, पांढरी दाढी वाढलेली. उंबऱ्याच्या आत मात्र त्यानं पाऊल टाकलं नव्हतं.

माझे सासरे, यशवंतबुवा पारधे, त्या वेळी पूर्वरंगात अगदी रंगात आले होते. प्रवरेकाठच्या खिरसापूरच्या ख्रिस्ती देवळात हंगामाचा सण होता. खांबांना ज्वारीची ताटं बांधलेली, वेदीपुढे भोपळे, वांगी, शेंगांच्या राशी, आणि कोपऱ्यात पाय बांधून ठेवलेल्या कोंबड्या अधूनमधून तालात कलकलत होत्या. मामंजींचं कीर्तन म्हणजे आमच्या नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळींचा जीव की प्राण. मी तर लग्नाआधी त्यांच्या कीर्तनाच्या प्रेमात पडले आणि मग त्यांच्या मुलाच्या, असं मला घरात चिडवत. त्या दिवशी त्यांनी शुभवर्तमानातलं ते वचन घेतलं होतं. जन्मांध माणूस बरा होतो आणि मोठमोठ्या शास्त्र्यांना ठणकावून सांगतो की, पापी माणसाचं देव ऐकत नसतो. मामंजींनी त्यावर स्वतः पद रचलं होतं:

ऐकेल का तो हाक तयाची, मन ज्याचे ना वळले?
हात जोडिले, गुडघे टेकिले, आत परी ना जळले!

लोक डोलत होते. हे पद दुसऱ्यांदा उचललं होतं आणि तेवढ्यात ही हाक.

"कारभारी, कीर्तनात अडथळा आणू नको." पहिल्या रांगेतून एक जाडजूड गृहस्थ उठले. कोट, टोपी, हातात गीतांचं पुस्तक. हे एलीशा साळवे, मंडळीचे पंच. सकाळी उपासनेत मोठी प्रार्थना त्यांनीच केली होती. "काय असेल ते नंतर पाळकसाहेबांशी बोल. ते परवा पुण्याहून येतील."

"तुमच्याशी बोलत न्हाई मी," दारातला माणूस त्यांच्याकडे न बघता म्हणाला. "बुवांशी बोलतोय."

माझ्या शेजारी पाळकीणबाई बसल्या होत्या. त्या माझ्या कानाशी लागल्या. "सख्खे भाऊ आहेत. बोलत नाहीत एकमेकांशी."

तिथं कुजबुजत त्यांनी मला जे सांगितलं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. हा धाकटा, कारभारी साळवे. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका पहाटे त्याची बायको सगुणा बाळंतपणात अडली. गावात चांगली बैलजोडी थोरल्याकडे, एलीशाकडे. कारभारी त्याच्या दाराशी जाऊन गाडीसाठी हाका मारत राहिला. दार उघडलं नाही. सगुणा गेली, पोर तेवढी वाचली. एलीशा म्हणाला, मी गाढ झोपेत होतो, मला काही ऐकूच आलं नाही. कारभारी म्हणाला, आलं होतं. मंडळीनं एलीशावर विश्वास ठेवला आणि कारभारीला सांगितलं, भावाला क्षमा कर. तो म्हणाला, करणार नाही. तेव्हापासून मंडळीनं त्याला शिस्तीखाली, म्हणजे बाजूला, ठेवलं होतं. प्रभुभोजनाचं ताट त्याच्यापर्यंत जात नसे. त्यालाही त्याचं काही वाटत नसे. दर रविवारी तो बाहेर लिंबाखाली बसून उपासना ऐके आणि प्रभूची प्रार्थना सुरू झाली, की ‘जशी आम्ही क्षमा करतो’ या ओळीला तोंड मिटून घेई.

मामंजींनी चिपळ्या खाली केल्या. "बोला दादा. काय झालं?"

"माझी तबी अडलीय, बुवा. तबिथा. बाळंतपणाला आलीय माहेरी. सकाळपास्नं कळा चालल्यात. सुईण म्हणती, मूल आडवं हाय." त्याचा आवाज फाटला, पण त्यानं तो पुन्हा गोळा केला. "मी देवाकडं मागायला बसलो होतो. तेवढ्यात तुमचा भोंगा वाजला. ऐकत नाही म्हनं देव. पोरीनंबी ऐकलं ते. ती मला म्हणती, आबा, मग तुमी नका मागू, दुसऱ्या कुणाला तरी मागायला सांगा."

कोपऱ्यातल्या कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या.

"म्हणून विचारायला आलो," कारभारी म्हणाला. "माझं ऐकंल का न्हाई? हो न्हाईतर न्हाई, एवढंच सांगा."

"अरे मग कर की माफ भावाला!" मागून कुणीतरी ओरडलं. "हा काय, समोरच उभा आहे!"

"कर रे कारभारी. पोरीसाठी कर!" बायकांतून आवाज आला. "तोंडातून दोन शब्द काढायचे, त्यात काय!"

"तोंडानं म्हणायला काय जातंय?" कारभारीनं त्या बाईकडे पाहिलं. "म्हणतो की. पण पोटात न्हाई ते, आत्या. पोरीचा जीव टांगलाय आन् म्या देवाशी खोटं बोलून सुरुवात करू?"

मी मामंजींकडे पाहिलं. कीर्तनाचा आराखडा मला पाठ होता. पूर्वरंगात वचन उलगडायचं, मग हार-गुलाल, मग उत्तररंगात गोष्ट. त्या दिवशीची गोष्ट होती घर सोडून गेलेल्या, उधळपट्टी करून परतलेल्या मुलाची. पण तो मुलगा तर पश्चात्ताप करून, बापाच्या पाया पडायला आला होता. ती गोष्ट या माणसाच्या उपयोगाची नव्हती. हे मला कळत होतं तर मामंजींना कळत नसेल? त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"उत्तर... उत्तररंगात सांगतो," ते कसेबसे म्हणाले.

"मग चला माझ्यासंगं!" कारभारीनं पहिल्यांदा उंबरा ओलांडला, तरातरा पुढे आला आणि मामंजींचं मनगट धरलं. "सांगितल्याबिगर सोडत न्हाई तुमाला."

"सवाल-जवाब मागनं करा!" पाळकीणबाई ताडकन उठल्या. मिशनच्या इस्पितळात त्यांनी लग्नापूर्वी नर्सचं काम केलेलं. "आडवं मूल म्हणजे आत्ता निघायला हवं. मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे. गाडी कुणाची आहे?"

सांगायची गरजच नव्हती. गावात ट्रॅक्टर एकच होता आणि तो देवळाबाहेर उसानं सजवून उभा होता. सणाचं सगळं धान्य सकाळी त्याच्याच ट्रॉलीतून आलं होतं. ट्रॅक्टर एलीशाचा.

एलीशानं कोटाच्या खिशातून किल्ली काढली. तो बाहेर पडला.

"त्याच्या ट्रॉलीत माझी पोर जाणार न्हाई!" कारभारी गरजला.

"ते तुझ्या पोरीला विचारू," पाळकीणबाई म्हणाल्या.

पोर बाजेवरच होती. चार बाप्यांनी बाज उचलून आणली. घामानं चिंब झालेली, ओठ दाताखाली धरलेली, वयानं माझ्याएवढीच. बापाचं बोलणं तिच्या कानावर पडलं होतं. "आबा," ती म्हणाली, "ट्रॉलीत घालता का मी चालत जाऊ?"

बाजेचा एक पाय कारभारीनं स्वतः धरला आणि ट्रॉलीत चढवला. दुसऱ्या हातानं मामंजींना धरलेलंच होतं. त्यामुळे मामंजीही चढले, फेटा, उपरणं, चिपळ्या सगळ्यासकट.

"सूनबाई, पेटी!" ते वरून ओरडले.

मी पेटी कडेवर घेऊन धावले. कुणीतरी मला वर ओढलं. ट्रॅक्टर धडधडत निघाला आणि आमचे हे तबला-डग्गा दोन काखांत मारून मागे धावत होते, ते वेशीपर्यंत दिसले आणि मग धुळीत गेले.

पुलावरून तालुक्याला जायचं तर मोठा वळसा. एलीशानं सरळ नदीची वाट धरली. पात्र त्या दिवसांत उथळ असे, बैलगाड्या तिथूनच जात. ट्रॉली अशी उधळत होती की, मी पेटी पोटाशी धरून पोत्यांवर आपटत होते. पाळकीणबाईंनी तबिथाचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

"झोपू देऊ नका तिला," त्या म्हणाल्या. "डोळे मिटायला लागली, की बोलतं करा. काहीही बोला."

कळ येऊन गेली. तबिथानं डोळे उघडले आणि समोर फेट्यातले मामंजी दिसले.

"बुवा," ती धापा टाकत म्हणाली, "मग? ऐकतो का न्हाई?"

मामंजी मांडी ठोकून सरळ बसले. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. ते चमकणं मला माहीत होतं. पाठ केलेलं संपलं आणि आता आतून येणार!

"सूनबाई, काळी दोन."

मी त्या पट्टीवर बोट ठेवून भाता उघडला. मोकळ्या रानात, ट्रॅक्टरच्या धडधडीत, पेटीचा सूर कितीसा पोचणार? पण मामंजींचा गळा लागला आणि ती धडधड जणू ठेक्याला बसली.

"ऐका हो तबिथाबाई! एक होता काइन."

"भावाला मारणारा?"

"तोच."

"अगं बाई!" तबिथा त्या अवस्थेतही हसली. "ही गोष्ट बाळंतिणीला सांगतात व्हय?" आणि पुढच्याच क्षणी तिनं पाळकीणबाईंचा हात असा आवळला, की त्याच कळवळल्या.

मी स्वतः चकित झाले होते. इतक्या गावांना मामंजींबरोबर गेले, पण काइनाचं आख्यान त्यांनी कधी लावलं नव्हतं. ते रचत होते, गात होते, आणि गाता गाता पुढचं त्यांनाच दिसत होतं. दोन भाऊ. एकाचं अर्पण देवाला आवडलं, एकाचं नाही. थोरल्याच्या पोटात राग भरला. मामंजींनी तो राग असा गायला, की सूर खालच्या षड्जावर घुमत राहिला. मग शेत. मग दगड. मग शांतता.

"आणि देव विचारतो, काइना, तुझा भाऊ कुठंय?"

"काय म्हणाला तो?" तबिथानं विचारलं.

"म्हणाला, मला काय ठाऊक? मी काय त्याचा राखणदार आहे?"

मी समोर बसले होते म्हणून मला दिसलं. ट्रॅक्टरवर एलीशाची पाठ ताठ झाली. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. कारभारीही त्याच पाठीकडे बघत होता. इतकी वर्षं तो त्या पाठीकडे असाच बघत आला असणार.

"देवानं शिक्षा सांगितली. जमीन तुला पीक द्यायची नाही. तू भटकत राहशील. आता नीट ऐका बरं का, इथंच सगळी मेख आहे. काइन काय म्हणाला? म्हणाला, देवा, हे मला सोसवत नाही. जो भेटेल तो मला मारून टाकील. मला भीती वाटते!" मामंजी पुढे झुकले. "तबिथा, सांग बघू. ही प्रार्थनाच झाली की नाही?"

"झाली."

"कुणाची? पश्चात्ताप झालेल्याची?"

तिनं विचार केला. घामाचे थेंब तिच्या भुवयांवरून ओघळत होते. "न्हाई. भ्यालेल्याची."

"शाबास! भावाचं नाव काढलं नाही त्यानं. चुकलो म्हटलं नाही. फक्त स्वतःपुरतं मागितलं. मग देव काय म्हणाला त्याला? आधी माफी माग, मग बघू, असं म्हणाला?"

"काय म्हणाला?" हा प्रश्न तबिथाचा नव्हता. कारभारीचा होता.

मामंजींनी हात वर केला, श्वास घेतला आणि धाडकन ट्रॉली एका अंगाला कलली. मी पेटीसकट कारभारीवर जाऊन आदळले. ट्रॅक्टरचं मागचं चाक घर्र घर्र करत जागेवर फिरत होतं. चोहीकडे पाणी. आम्ही नदीच्या मध्यात रुतलो होतो.

एलीशानं पुढे घेऊन पाहिलं, मागे घेऊन पाहिलं. चाक आणखी खाली गेलं. त्यानं इंजिन बंद केलं, तशी एकदम अशी शांतता झाली, की पाण्याची खळखळ आणि तबिथाचं कण्हणं एवढंच राहिलं.

"वरच्या धरणातून पाणी सोडलेलं दिसतंय," एलीशा म्हणाला. "सकाळी एवढं नव्हतं."

"आबा!" तबिथा किंचाळली. पाळकीणबाईंनी तिच्या पोटावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. ते बघणं चांगलं नव्हतं.

कारभारीनं ट्रॉलीतून सरळ पाण्यात उडी मारली. पाणी त्याच्या गुडघ्यांच्या वर होतं. तिथंच, चाकाशेजारी, तो उभा राहिला. डोळे मिटले नाहीत, हात जोडले नाहीत. मान वर करून मोठ्यानं बोलला, जसं शेताच्या पलीकडच्या माणसाशी बोलावं.

"देवा, मी कारभारी! म्या त्याला माफ केलेलं न्हाई. तुला ठाऊक हाय. कराया येतबी न्हाई मला. काइनाला तू काय म्हणालास ते मला माहीत न्हाई. पण ही पोर माझी एकटीच हाय आन् तिनं कुणाचं वाईट केलेलं न्हाई. हिला सोडव! आमेन."

"आमेन!" पाळकीणबाई म्हणाल्या.

"आमेन!" मी म्हटलं. इतक्या जोरात आमेन मी आजवर कुठल्याही देवळात म्हटलेलं नाही.

काही झालं नाही. चाक रुतलेलंच होतं. नदी वाहत होती.

मग कारभारी वाकला आणि तळातले दगड उपसायला लागला. एकेक दगड चाकाखाली सारत होता. पुढून एलीशा उतरला. त्यानं अंगातला सणाचा कोट काढला, घडी केला आणि चाकापुढच्या गाळात दाबला. मग तोही दगड उपसू लागला. दोघं भाऊ एकाच चाकाच्या दोन बाजूंना, पाण्यात वाकलेले. फक्त दगडावर दगड आपटल्याचा आवाज.

"कारभारी," एलीशा म्हणाला.

कारभारीनं मान वर केली नाही.

"मला ऐकू येत होतं."

कारभारीचे हात थांबले.

"त्या पहाटेला. जागाच होतो मी. तुझ्या सगळ्या हाका ऐकल्या. बांधावरनं आपलं वाजलं होतं आदल्या दिवशी, आन् तू मला सगळ्यांदेखत नाही नाही ते बोलला होतास. म्हटलं, मारू दे अजून थोड्या हाका. जरा रडकुंडीला येऊ दे. मग उघडतो." एलीशाचा आवाज अगदी सपाट होता, जणू दुसऱ्या कुणाचं सांगत होता. "मग हाका थांबल्या. दार उघडलं तर तू नव्हतास. नंतर सगुणा गेल्याचं कळलं आन् मग खरं सांगायची छातीच झाली नाही."

कारभारी हळूहळू सरळ झाला. त्याच्या दोन्ही हातांत एक दगड होता. काळा, मोठा, पाणी निथळणारा. एलीशा त्याच्यासमोर वाकलेला, टोपी कुठंतरी वाहून गेलेली, डोकं उघडं. त्यानं डोकं वर केलं नाही. हलला नाही. मला वाटतं, तो वाटच बघत होता.

पाळकीणबाईंनी पदर तोंडात धरला. कारभारीच्या दंडाच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या.

"बुवा!" तबिथाला खालचं काही दिसत नव्हतं. ती ट्रॉलीतल्या बाजेवर पडल्या पडल्या, दोन कळांच्या मधल्या फटीत, चिडून ओरडली. "गप का बसले? काय म्हणाला देव काइनाला?"

मामंजी उभे राहिले. कललेल्या ट्रॉलीत, एका हातानं फळी धरून. दुसऱ्या हातातल्या चिपळ्या त्यांनी वाजवल्या आणि त्यांचा आवाज नदीवर असा पसरला, की पलीकडच्या काठावर गुरं राखणारी माणसं उभी राहिली.

क्षमा नाही मागितली । मान नाही वाकविली ।
भीती तेवढी सांगितली । देवाजवळ ॥
देवे तेही ऐकियले । कपाळी चिन्ह लाविले ।
कोणी न त्यासी मारिले । पुढे कधी ॥

पेटीची साथ नव्हती, टाळ नव्हता. मामंजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नजर कारभारीच्या हातांवर होती. शेवटचा चरण त्यांनी पुन्हा घेतला. पुन्हा घेतला. कोणी न त्यासी मारिले. कोणी न त्यासी मारिले.

कारभारी वाकला आणि हातातला दगड चाकाखाली नेमका बसवला. वर पायानं दाबला.

"बाई," तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ट्रॅक्टर येतो का चालवाया?"

"माहेरी भावानं शिकवला होता एकदा, पण..."

"मग बसा वर! आमी दोघं मागनं रेटतो."

मी लुगडं खोचून ट्रॅक्टरवर चढले. किल्ली फिरवली, इंजिन गरजलं. "हळू सोडा क्लच!" एलीशा मागून ओरडला. "हळू म्हणजे हळू!" कारभारी त्याच्यावर ओरडला, आणि मला वाटतं, तेच त्या दोघांचं इतक्या वर्षांतलं पहिलं संभाषण. "हालेलूया म्हणून सोड!" मामंजी ओरडले. मी हालेलूया म्हटलं आणि सोडला. चाक घरघरलं, दगड कडकडले, ट्रॅक्टर घोड्यासारखा पुढून उचलल्यासारखा झाला आणि एका हिसक्यानं सुटला! मला थांबवताच येईना. पलीकडचा उतार चढून वर आल्यावरच मी पाय ब्रेकवर दाबला. मागे पाहिलं, तर दोघे भाऊ पाण्यात तोंडावर पडलेले, चिखलात बरबटलेले, धडपडत उठत होते.

एलीशानं पुढे ट्रॅक्टर घेतला तो इस्पितळाच्या फाटकाशीच थांबवला. डॉक्टरीणबाई तबिथाला तपासून थेट आत घेऊन गेल्या. ऑपरेशन करावं लागणार होतं.

आम्ही व्हरांड्यात बसलो. उन्हं कलली. मामंजी डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काही म्हणत होते. कारभारी भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. एलीशा व्हरांड्यात आलाच नाही. फाटकाजवळ, ट्रॅक्टरच्या सावलीत, उघड्या डोक्यानं उभा होता.

दार उघडलं आणि पाळकीणबाई बाहेर आल्या. त्यांच्या तोंडाकडे बघूनच मी उभी राहून नाचायला लागले.

"मुलगी!" त्या म्हणाल्या. "आईही चांगली आहे. आणि पोरीचा आवाज ऐका, बुवा. तुम्हाला हरवील!"

खरंच, आतून असा टाहो येत होता, की व्हरांड्यातले इतर लोकही हसायला लागले. मामंजींनी दोन्ही हात वर केले आणि जयजयकार केला. एक नर्स येऊन आम्हाला रागावून गेली. मी पाळकीणबाईंच्या गळ्यात पडले.

कारभारी आत जाऊन आला. बाहेर येऊन पुन्हा त्याच जागी बसला. हाताच्या तळव्यांकडे बघत होता.

"बुवा," तो म्हणाला, "म्या अजून माफ केलेलं न्हाई त्याला."

"माहीत आहे."

"आता तर सगळं कळल्यावर आणिकच अवघड झालंय."

"तेही माहीत आहे."

"तरी ऐकलं त्यानं माझं."

"ऐकलं."

"मग ते तुमचं वचन? भोंग्यावरचं?"

मामंजी हसले. "ते आंधळ्याचं बोलणं, दादा. बिचाऱ्याला नुकती कुठं दृष्टी आली होती. पहिल्याच दिवशी सगळं कुठून दिसणार त्याला? आणि मला तरी कुठं दिसलं होतं सकाळी?"

मामंजींना प्रभूजवळ जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्या दिवसानंतर त्यांनी हयातीत कितीतरी कीर्तनं केली, पण काइनाचं आख्यान काही पुन्हा लावलं नाही. मी आग्रह केला, की म्हणत, ते माझं नव्हतं.

व्हरांड्यात कारभारी विचार करत होता. "तो बी मागत असंल," तो हळूच म्हणाला. "इतकी वर्सं. दर रविवारी उभा राहून."

"कोण?"

त्यानं फाटकाकडे हनुवटी उडवली. "सगळ्या गावासाठी मागतो, पावसासाठी मागतो, मी बाहेर बसून ऐकतो ना. स्वतःसाठी काय मागत असंल?"

कारभारीनं उत्तराची वाट पाहिली नाही. तो उठला, व्हरांड्याच्या पायऱ्या उतरला. मी खांबाआडून बघत होते. तो ट्रॅक्टरपर्यंत गेला आणि भावापासून चार हातांवर थांबला.

"मुलगी झाली," तो म्हणाला.

"ऐकलं." एलीशानं डोळे पुसले. "तबी?"

"बरी हाय." कारभारीनं इकडेतिकडे पाहिलं. "तुला माफ केलेलं न्हाई म्या. सांगून ठेवतो."

एलीशानं मान डोलावली.

"पण आत ये. पोर बघ."

एलीशा हलला नाही. त्यानं खाली, आपल्या पायांकडे पाहिलं. नदीचा काळा गाळ पोटऱ्यांपर्यंत वाळून तडकला होता. "नको," तो म्हणाला. "स्वच्छ लाद्या आहेत आत. माझे पाय असे बरबटलेले..."

"मग माझे काय धुतलेत?" कारभारी खेकसला. "चल."

आणि दोघे आत गेले. पुढे कारभारी, मागे एलीशा. इस्पितळाच्या पांढऱ्या लाद्यांवर दोघांच्याही चिखलाची पावलं थेट तबिथाच्या खाटेपर्यंत उमटत गेली.